आयजीआयचा दुसरा भाग: घ्यावा का, आणि कसा खेळावा

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाई असलेल्यांना पुढचं वाचायची सक्ती नाही. घरात इन्व्हर्टर नसेल तर ‘आयजीआय टू’पासून सुरुवात करा. इन्व्हर्टर असेल, किंवा लॅपटॉपची बॅटरी अजून तास-दोन तास तग धरत असेल, तर आधी पहिला भाग ‘प्रोजेक्ट आयजीआय’ आणि मग दुसरा. गेमचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा बरा की वाईट, हे विजेवर ठरतं म्हटलं तर पुण्या-मुंबईचा परीक्षक हसेल. देवगाव रंगारीत, कन्नडला किंवा लासूर स्टेशनला बसून विचार करणारा हसणार नाही.

‘प्रोजेक्ट आयजीआय’ डिसेंबर 2000 मध्ये आला. तो बनवला नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओजने आणि बाजारात आणला आयडॉसने. डेव्हिड जोन्स नावाचा ब्रिटिश कमांडो चोरीला गेलेल्या अणुअस्त्राच्या मागावर एकेका लष्करी तळात एकटाच शिरतो, अशा चौदा मोहिमा. त्याच वर्षांत महाराष्ट्रात एक वेगळीच गोष्ट घडत होती. 2001 मध्ये एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स सुरू झाला आणि बघता बघता तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांत कॉम्प्युटर क्लास निघाले. शेजारीच सायबर कॅफे. तिथल्या मशीन साध्या, इंटरनेट रांगणारं, आणि आयजीआय एका सीडीत मावणारा, इंटरनेटशिवाय चालणारा. क्लासचे सर सीडी घालून देत आणि तास संपला की उठवत. औरंगाबादला शिकायला गेलेला भाऊ सुट्टीत परतताना ही सीडी आणायचा. पाश्चात्त्य मासिकांनी गेमला बऱ्यापैकी गुण दिले आणि पान उलटलं. आपल्याकडे मात्र पंचविशी-तिशी ओलांडलेल्या माणसासमोर आजही ‘आयजीआय’ म्हटलं की चेहरा बदलतो.

दुसरा भाग, ‘आयजीआय टू: कोव्हर्ट स्ट्राइक’, 2003 चा. कंपनी तीच, प्रकाशक बदललेला, कोडमास्टर्स. मोहिमा एकोणीस. रशियापासून सुरुवात, मग लिबिया, मग चीन. या भागानंतर, त्याच वर्षी, इनरलूप बंद पडली. तिसरा भाग नाही त्याचं कारण एवढं साधं आहे, आणि त्याचा फायदा भलत्यांनीच कसा घेतला ते पुढे सांगतो.

पहिल्या भागाची ताकद समजली की दुसऱ्याचं मोजमाप आपोआप होतं. इनरलूपने त्याआधी लढाऊ विमानांचा एक गेम केला होता, ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’. त्याच्याच इंजिनावर त्यांनी पायी चालणाऱ्या सैनिकाचा गेम उभा केला. म्हणून आयजीआयमध्ये जमीन इतकी लांबवर दिसते. त्या काळचे बहुतेक शूटर बोळातून खोलीत आणि खोलीतून बोळात फिरवायचे. इथे मात्र तुम्ही टेकडीवर उभे, खाली अख्खा तळ पसरलेला, कुंपण, टेहळणीचे मनोरे, बराकी, रेल्वेचे डबे, आणि आत कुठून शिरायचं ते तुमच्यावर सोडलेलं. हातातल्या नकाशायंत्रावर वरून घेतलेलं चित्र दिसतं, त्यात शिपाई इकडून तिकडे चालताना दिसतात. दुर्बिणीने कोण कुठे उभा आहे ते हेरायचं. गोळीचा आवाज मोकळ्या रानात घुमतो तसाच घुमतो. हा मोकळेपणा त्या वेळी नवा होता आणि आजही शिळा वाटत नाही.

आता त्याचं मोठं दुखणं. मोहिमेच्या मध्ये सेव्ह नाही. एकदा आत शिरलात की एकतर काम पूर्ण करून बाहेर या, नाहीतर मेलात की पहिल्यापासून. पाऊण तास सरपटत, कॅमेरे चुकवत शेवटच्या दारापर्यंत यावं आणि कोपऱ्यामागच्या शिपायाने दोन गोळ्यांत संपवावं, की पुन्हा टेकडीवर. जगभरच्या परीक्षकांनी या गोष्टीवर गेमला झोडपलं. पण ओस्लोत किंवा लंडनमध्ये खेळणाऱ्याला निदान फक्त शत्रूच मारत होता. आपल्याकडे 2005 नंतरची काही वर्षं ग्रामीण भागात दहा-बारा तासांचं भारनियमन होतं. जोन्स शिडीवर चढलेला, खाली दोघे शिपाई पाठमोरे, आणि वीज गेली. ज्याने हे सोसलं नाही त्याला आयजीआय टूची पहिली खूबी पुरती कळणार नाही.

ती खूबी म्हणजे सेव्ह. दुसऱ्या भागात मोहिमेच्या मध्ये सेव्ह करता येतं, पण मोजक्याच वेळा, आणि अवघड पातळी निवडाल तसा हा आकडा खाली येतो. मला हा तोडगा अजूनही फार हुशार वाटतो. हवं तेव्हा सेव्ह दिलं असतं तर भीतीच गेली असती. माणूस दार उघडतो, मरतो, परत दार उघडतो आणि हळूहळू निर्ढावतो. अजिबात दिलं नाही तर पहिल्या भागाचा छळ. मोजके दिल्यावर कुठे खर्च करायचे हाच एक डाव होऊन बसतो. आज गावठाणाची वीज पूर्वीपेक्षा बरी आहे. तरी वळवाचा पाऊस, रोहित्राची रड आणि अधूनमधून कोसळणारा खांब हे काही संपलेलं नाही. म्हणून एक सेव्ह विजेच्या नावाने राखून ठेवा. आभाळ भरून आलं की शत्रू समोर असो वा नसो, तो वापरा.

दुसरी सुधारणा पडद्यावरच्या एका पट्टीची. तुम्ही किती दिसताय, किती आवाज करताय, ते ती सांगते. पहिल्या भागात हे सगळं अंदाजाने. शिपायाने पाहिलं की नाही हे तो गोळी झाडेपर्यंत कळायचं नाही. जुने खेळाडू म्हणतात पट्टीने गेम सोपा केला. मला तसं वाटत नाही. न्याय्य केला, एवढंच. अंधारात सावकाश चाललं तर पट्टी खाली राहते, पळालं की वर जाते, आणि नवा खेळाडू पहिल्याच मोहिमेत पाय हळू टाकायला शिकतो. शिवाय हत्यारं वाढली आहेत, आणि लाकूड किंवा पातळ पत्रा असला तर गोळी आरपार जाते. म्हणजे पेटीमागे लपलात म्हणून वाचलात असं नाही, आणि समोरचाही तसा वाचत नाही. ही गोष्ट पहिल्या भागातून आलेल्यांना पचायला वेळ लागतो. आडोसा निवडताना सिमेंट शोधा, लाकूड नको.

मग दुसरा भाग कमी कुठे पडतो? पहिलं म्हणजे शत्रूची अक्कल. पहिल्या भागातले शिपाई मठ्ठ होते हे खरंच. शेजारचा पडला तरी पलीकडच्याला पत्ता नसायचा आणि भोंगा वाजला की काही बराकींतून माणसं येतच राहायची, जणू आत भट्टीच लावली आहे. इतक्या तक्रारींनंतर दुसऱ्या भागात हे नीट बसवलं असेल अशी अपेक्षा होती. बसवलं नाही. इथले शिपाई कधी हाकेच्या अंतरावरून दिसत नाहीत आणि कधी लांबूनच अचूक वेध घेतात. ज्या गेमचा सारा भर न दिसता शिरण्यावर आहे, त्यात समोरच्याला काय दिसतं याचा भरवसाच नसेल तर पट्टीचा उपयोग निम्मा होतो. दुसऱ्या भागावरची माझी सर्वांत मोठी तक्रार हीच.

दुसरी तक्रार वातावरणाची. पहिला भाग सगळा एका थंड, करड्या, पडक्या सोव्हिएत जगात घडतो. तळ बदलतात पण हवा तीच राहते, आणि चौदा मोहिमांनंतर ती अंगात भिनते. दुसऱ्यात तीन देश, तीन रंग, बर्फापासून वाळूपर्यंत. पाहायला छान. पण जोन्स एका जागी रुजत नाही, कथेचा धागा मोहिमेमोहिमेत सैल पडतो, आणि मधल्या काही मोहिमा लपून जाण्यापेक्षा सरळ गोळीबाराकडे ढकलतात. कथेसाठी हे गेम कुणी खेळत नाही म्हणा. तरीही पहिल्या भागातला खलनायिका एक्कचा माग ज्याला आठवतो, त्याला दुसऱ्यातला चिनी जनरल वू शिंग फिका वाटेल.

बाकी ग्राफिक्स, हालचाली, आवाज यांत मधल्या वर्षांचा फरक दिसतो तेवढा दिसतो. त्यावर शब्द घालवण्यात अर्थ नाही. आजच्या मोबाइलपुढे दोन्ही म्हातारे.

खेळायचं कसं, यावर थोडं थांबू, कारण नव्या पिढीची खरी अडचण इथेच होते. मोबाइलवरच्या बीजीएमआयवर, म्हणजे नव्या नावाच्या पबजीवर, हात बसलेला मुलगा आयजीआय टू उघडतो आणि पहिल्या दोन मिनिटांत मरतो, कारण त्याला पळायची सवय. तिथे वर्तुळ आवळत येतं, म्हणून पळावंच लागतं. इथे मागे कुणी लागलेलं नाही. दौलताबादचा किल्ला ज्याने नीट पाहिला आहे त्याला आयजीआयचा तळ लवकर कळतो: आधी खंदक, मग तो एकच पूल, मग अंधारी, आणि बाहेरून जो मार्ग सरळ दिसतो तोच शत्रूने तुमच्यासाठी ठेवलेला असतो. तसंच इथे मोठं फाटक सोडा. मोहीम सुरू झाली की जागेवरून न हलता दुर्बीण लावा आणि मनोऱ्यांवरचे आधी मोजा, कारण लांबून मारणारे तेच असतात. मग नकाशायंत्र उघडून पहारेकऱ्यांची फेरी पाहा. एका शिपायाची ये-जा दोनदा नीट पाहिली की त्याची पाठ कधी वळते ते कळतं. जवळचा कॅमेरा कोणत्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून बंद होतो ते शोधा; तो बंद केल्याशिवाय त्याच्या टप्प्यात पाऊल नको. कॉम्प्युटरला हात लावला की काही क्षण तुम्ही तिथेच अडकता, तेव्हा आधी दाराकडे कोण येतंय ते बघून घ्या. शिडीवर असताना गोळी चालवता येत नाही, म्हणून चढण्याआधी वरचा आणि खालचा असे दोघेही निपटलेले हवेत.

भोंगा वाजलाच तर हिरोगिरी करू नका. आलात त्या वाटेने मागे या, एका दाराच्या तोंडाशी बसा आणि येणाऱ्यांना एकेक करून घ्या. गोळ्या संपत आल्या तर पडलेल्यांच्या बंदुका उचला. औषधाची सुई तब्येत निम्म्यावर आल्यावरच वापरा, दोन ओरखडे आले की टोचत बसू नका.

दुसऱ्या भागात सेव्ह कुठे खर्च करायचे याबद्दल माझं मत असं. पहिला सेव्ह कुंपण ओलांडून आत पाय ठेवल्यावर कधीच करू नका, तिथवर पुन्हा येणं सोपं असतं. मोहिमेतलं पहिलं मोठं काम झालं, कॅमेरे बंद झाले किंवा फाइल हाती लागली, की पहिला. निघण्याच्या जागेकडे वळताना दुसरा, कारण परतीच्या वाटेवर माणूस सैल होतो आणि तिथेच मरतो. उरलेला विजेचा, वर सांगितला तो. आणि तब्येत तळाला गेलेली असताना सेव्ह करणं म्हणजे स्वतःच्या हाताने खड्डा खणणं. पुढे प्रत्येक वेळी त्याच रडक्या अवस्थेतून सुरुवात करावी लागते.

आता विकत घेण्याबद्दल. दोन्ही भाग जीओजी या संकेतस्थळावर अधिकृतपणे मिळतात, आणि नव्या विंडोजवर चालतील अशा रीतीने मिळतात. सवलत लागते तेव्हा किंमत एका पिझ्झ्याच्याही आत येते. तरीही लोक जुन्या सवयीने ‘फ्री डाउनलोड’ शोधतात. तशा फायलींबरोबर काय काय घरात येतं ते लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला विचारा. पूर्वी क्लासच्या मशीनवर व्हायरस आला तर फॉरमॅट मारून मोकळे व्हायचे. आज त्याच लॅपटॉपवर बँकेचं खातं, पीक विम्याचा अर्ज आणि सातबारा असतो. जुनी सीडी सापडली असेल आणि तीच चालवायची असेल तर नव्या मशीनवर फार डोकं लढवू नका. आतेभावाकडे पोत्यात घालून ठेवलेली एक्सपीची मशीन असेल तर ती झटकून काढा, त्यावर ती सीडी मूळ रूपात चालेल. टचपॅडवर हा गेम खेळता येत नाही; दोनशे-तीनशेचा माउस आधी आणा.

बाजारात ‘आयजीआय थ्री’, ‘आयजीआय फोर’, ‘आयजीआय फाइव्ह’ अशा नावांनी सीडी विकल्या जात होत्या आणि याच नावांच्या फायली आजही इंटरनेटवर फिरतात. त्या आयजीआय नाहीत. कंपनी 2003 मध्येच बंद पडली होती. दुकानदारांनी भलतेच गेम उचलून त्यांवर आयजीआयचं कव्हर चिकटवलं. ‘आयजीआय फोर’ म्हणून खपलेला ‘द मार्क’ हा मुळात वेगळ्याच कंपनीचा वेगळाच गेम आहे, त्यात जोन्स औषधालाही नाही. 2019 मध्ये टोडमन या कंपनीने ‘आयजीआय ओरिजिन्स’ नावाने जोन्सच्या आधीच्या काळाची गोष्ट जाहीर केली. झलक आली, चर्चा झाली, गेम बाजारात आला नाही. तेव्हा खरे भाग दोनच. तिसऱ्याचं नाव दिसलं की हात मागे घ्या.

मुलांना द्यावा का, हा प्रश्न आईबाप विचारतील, आणि विचारायलाच हवा. दोन्ही भागांत माणसं मारायची आहेत, तेव्हा आठ-दहा वर्षांच्या पोराला देऊ नका. तेरा-चौदाच्या पुढच्या मुलासाठी मी मोबाइलवरच्या गेमपेक्षा आयजीआयला झुकतं माप देईन, आणि कारण रक्त कमी-जास्त हे नाही. आयजीआय संपतो. चौदा किंवा एकोणीस मोहिमा झाल्या की जोन्स घरी जातो, तुम्हीही उठता. त्यात कपडे विकत घ्यायचे नाहीत, रोज हजेरी लावायची नाही, अनोळखी माणसाचा आवाज कानात नाही. पबजीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, जुलै 2021 मध्ये बीजीएमआय म्हणून ते परतलं, वर्षभराने पुन्हा गेलं आणि मे 2023 मध्ये परत आलं ते अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालूनच. ज्या गेमवर तासांची मर्यादा घालावी लागते तो मुलाला आपणहून सोडत नाही, एवढं त्यातून समजून घ्यावं. आयजीआयला अशा मर्यादेची गरज पडली नाही. पहिल्या भागात दोनदा मेलं की मूल स्वतःच वैतागून उठतं. मोहीम सुरू करण्याआधी मात्र एक ठरवून घ्या: पहिल्या भागात ‘आता बंद कर’ म्हणणं म्हणजे त्याची पाऊण तासाची मेहनत पाण्यात, आणि मग घरात भांडण. तेव्हा वेळ घड्याळावर नको, मोहिमेवर बांधा. एक मोहीम, जिंकलास तरी उठायचं, मेलास तरी उठायचं. दुसऱ्या भागात सेव्ह असल्यामुळे जेवायला हाक मारणं आईला सोपं जातं.

राहिला शेवटचा मुद्दा, जो दुसऱ्या भागाच्या बाजूने सगळ्यात जड पडतो आणि ज्याचा उल्लेख परीक्षणांत एखाद्या ओळीत उरकलेला असतो. पहिला भाग एकट्याचा आहे. दुसऱ्यात अनेकांनी मिळून खेळायची सोय आहे: दोन गट, एक शिरणारा आणि एक राखणारा, आणि मिळालेल्या पैशातून हत्यारं घ्यायची, काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्यांना माहीत आहे त्या पद्धतीने. त्याला इंटरनेट लागत नाही. दिवाळीत सगळी चुलत-आते-मामे भावंडं गावी जमली की दोन-तीन लॅपटॉप, एक साधा राउटर किंवा केबल, एवढ्यावर लॅन उभं राहतं. सगळ्या मशीनवर गेमची एकच आवृत्ती हवी. वेगळी असेल तर एकमेकांची मशीन दिसत नाही आणि तासभर केबल हलवण्यात जातो. विंडोजची फायरवॉल विचारेल तेव्हा परवानगी द्या. ज्याचा लॅपटॉप सगळ्यात दणकट त्याने खेळ उघडायचा, बाकीच्यांनी त्यात शिरायचं. बारक्यांना राखणाऱ्यांच्या बाजूला ठेवा, एका जागी बसून खेळता येतं म्हणून त्यांचा टिकाव लागतो. आणि राउटर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावा. नाहीतर वीज गेली की लॅपटॉप सगळे बॅटरीवर चालू राहतात, राउटर बंद पडतो, आणि मग खेळ कुणामुळे तुटला यावर आणखी एक सामना होतो.